थप्पड खाणारा टॉर्च: स्वस्त टॉर्च घरी सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲल्युमिनियमचा, डोकं पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करता येणारा एक स्वस्त टॉर्च आहे. आत तीन ट्रिपल-ए सेलचा प्लॅस्टिकचा पिंजरा बसतो, तो काढला तर एक १८६५० सेलही (पुन्हा चार्ज करता येणारा जाडा लिथियम सेल) बसतो. नवे सेल घातले की दहा मिनिटं लख्ख, मग मिणमिणता. मधूनच फडफडतो, तळहातावर एक थप्पड दिली की पुन्हा नीट पेटतो. यात भारीतला एलईडी आणून बसवला तर किती फरक पडेल, आणि त्याला करंट किती द्यावा?

एलईडीचं नंतर बघू. प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे थप्पड. एलईडी बिघडला असेल तर तो थपडेने सुधारत नाही. थपडेने उजेड परत येतो याचा अर्थ करंटच्या वाटेतला एखादा जोड सैल आहे, हादऱ्याने तो घडीभर जुळतो आणि पुन्हा सुटतो. या टॉर्चमध्ये कितीही भारी एलईडी बसवा, तोही थप्पड खाऊनच पेटणार. 'जरा पॉवरफुल करून दे' म्हणून माझ्यापुढे आलेल्या टॉर्चपैकी बहुतेकांचा एलईडी बरा असतो. करंट यायची वाट आणि उष्णता जायची वाट, या दोन वाटा तुंबलेल्या असतात. त्या मोकळ्या केल्या की पुष्कळदा माणूस नवा एलईडी घ्यायचं विसरूनच जातो.

आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणायची सवय आहे, त्यामुळे या विषयावर बोलताना हमखास घोटाळा होतो. मी खाली सेलला सेल आणि टॉर्चला टॉर्चच म्हणणार आहे.

टॉर्चच्या आत एकच साखळी असते. सेलच्या पुढच्या टोकापासून करंट ड्रायव्हरच्या (एलईडीला किती करंट जावा ते आवरणाऱ्या गोल बोर्डाच्या) मधल्या स्प्रिंगमध्ये जातो, ड्रायव्हरमधून एलईडीत, एलईडीतून परत ड्रायव्हरच्या कडेच्या ग्राउंडच्या कड्यावर. ते कडं ज्या गोल धातूच्या तुकड्यात बसवलेलं असतं त्याला हौशी मंडळी 'पिल' म्हणतात. पिलमधून करंट टॉर्चच्या नळीत उतरतो, नळीतून मागच्या झाकणाच्या आट्यांत, तिथून बटण, मागची स्प्रिंग आणि पुन्हा सेल. म्हणजे टॉर्चची नळी हीच ऋण बाजूची वायर आहे. आटे दिसायला आटे असले तरी तो एक विद्युत जोड आहे, आणि त्यात वर्षभराची काळी चिकट घाण बसलेली असते.

तपासायला मल्टिमीटरही लागत नाही. टॉर्चमध्ये १८६५० सेल घाला आणि मागचं झाकण काढून ठेवा. बोटभर लांबीची जाड तांब्याची वायर घेऊन तिची दोन्ही टोकं सोला. एक टोक सेलच्या सपाट बुडावर दाबा, दुसरं नळीच्या कडेच्या उघड्या, चकचकीत धातूवर टेकवा. रंगवलेल्या किंवा ॲनोडाइझ केलेल्या भागावर टेकवून उपयोग नाही, तो थर वीज वाहू देत नाही. टॉर्च पेटेल. आता अंधाऱ्या खोलीत छताकडे रोखून बघा आणि मग झाकण लावून बघा. झाकणाशिवाय उजेड ठळक जास्त असेल तर चोर झाकणात आहे. तुमच्या वर्णनावरून मला तरी तो तिथेच सापडेल असं वाटतं.

चोराची ओळख करून घेऊ. झाकण उलटं करून आत बघा. स्प्रिंगभोवती एक आटे असलेली चकती दिसेल, तिला समोरासमोर दोन छोटी भोकं असतात. बटणाचा अख्खा संच हीच चकती दाबून धरते. रोजच्या वापरात ती अर्धा-पाऊण आटा सैल होते आणि फडफड सुरू होते. चिमट्याची दोन टोकं त्या भोकांत घालून ती घट्ट फिरवा. दहातले काही टॉर्च इथेच बरे होतात आणि हातात घेतलेलं सोल्डरिंग आयर्न तसंच खाली ठेवावं लागतं. काही चकत्यांचे आटे उलटे असतात, जोर करण्यापूर्वी दोन्ही दिशांना हलक्या हाताने फिरवून बघा.

मग आटे पुसा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन नळीचे आणि झाकणाचे आटे काळं निघायचं थांबेपर्यंत पुसायचे. नळीची जी कड झाकणातल्या चकतीवर टेकते ती बारीक पॉलिश पेपरवर दोनदा गोल फिरवून चकचकीत करा. शेवटी रबरी रिंगला सिलिकोन ग्रीसचं नखाएवढं बोट. खनिज तेलाचं साधं ग्रीस नको, काही रबरं त्याने फुगतात आणि झाकण बसेनासं होतं.

एवढं करूनही झाकणाचा आणि वायरचा उजेड वेगळा दिसत असेल तर दोष स्प्रिंगचा. स्वस्त टॉर्चची स्प्रिंग बारीक पोलादी तारेची असते, आणि पोलाद तांब्याच्या मानाने फार वाईट वाहक आहे. सबंध मागच्या झाकणाचा रोध समजा ०.२ ओहम निघाला. ऐकायला काहीच नाही, पण २ अँपिअर करंट गेला तर ०.४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.३ लागतात. हातात उरलेल्या एका व्होल्टातले ०.४ स्प्रिंग गरम करण्यात गेले.

यावरचा उपाय हौशी लोक सगळ्यात आधी शिकतात आणि तो खरोखर गुणकारी आहे: स्प्रिंगच्या पोटातून तांब्याची वायर घालून तिच्या दोन्ही टोकांना सोल्डर करायची. करंटला तांब्याची वाट मिळते आणि स्प्रिंगला फक्त दाब देण्याचं काम उरतं. सिलिकोनच्या आवरणाची, पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर घ्या, किंवा सोल्डर शोषून घ्यायची तांब्याची जाळीदार वेणी. स्प्रिंगच्या टोकाचा वेढा कानसीने घासून उघडा करा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावा, आधी एकट्या स्प्रिंगवर सोल्डरचा पातळ थर चढवा आणि मगच वायर टेकवा. वायर थोडी सैल हवी. स्प्रिंग पूर्ण दाबली तरी वायर वेटोळं होऊन पोटातच मावली पाहिजे, बाजूला बाहेर येऊन नळीला घासता कामा नये.

या कामात माझं एक बटण वाया गेलं आहे. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला सोल्डर धरेना म्हणून मी आयर्न धरूनच राहिलो. उष्णता बोर्डातून बटणात उतरली, आतलं प्लॅस्टिक वितळलं आणि बटण अर्ध्यात अडकलं, ना चालू ना बंद. सोल्डर दोन-तीन सेकंदांत वाहिलं नाही तर आयर्न उचला, गार होऊ द्या, पुन्हा घासा, पुन्हा फ्लक्स. न धरणाऱ्या सोल्डरचं कारण बहुधा मळ असतो, कमी उष्णता क्वचितच.

आता 'दहा मिनिटं लख्ख, मग मिणमिणता' याबद्दल. यात टॉर्चपेक्षा पिंजऱ्याचा आणि सेलचा वाटा मोठा आहे. तीन ताजे अल्कलाइन सेल मिळून साडेचार व्होल्ट देतात. अगदी स्वस्त टॉर्चमध्ये ड्रायव्हर म्हणजे एक गोल बोर्ड, एक स्प्रिंग आणि फार तर एखादा रेझिस्टर, बाकी करंट आवरण्याचं काम सेलच्या अंतर्गत रोधावर सोडलेलं असतं. ट्रिपल-ए सेल लहान उपकरणात जेवढी क्षमता देतो तेवढी अर्धा-पाऊण अँपिअर ओढल्यावर देत नाही, त्याचं व्होल्टेज भराभर बसतं. प्रत्येकी १.१ व्होल्टवर आले की तिघांचे मिळून ३.३. एलईडीचा स्वभाव असा की त्याच्या गरजेच्या आसपास व्होल्टेज थोडंसं उतरलं तरी करंट मोठ्या प्रमाणात उतरतो. सेल संपलेले नसतात, भिंतीवरच्या घड्याळात घातले तर ते कित्येक महिने चालतील.

म्हणून पिंजरा काढून ठेवा आणि १८६५० वापरा. या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य गोल नळीच्या आकाराचं. नळीत सेल खुळखुळत असेल तर कागदाचे दोन वेढे द्या. मात्र संरक्षण सर्किट असलेला सेल ६५ पेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतो, आणि तुमच्या टॉर्चला असाच सेल हवा. स्वस्त ड्रायव्हर सेल उतरला की स्वतःहून बंद पडत नाहीत, उजेड मंद होत राहतो आणि सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन कायमचा बिघडतो. घेण्यापूर्वी नळीची आतली लांबी मोजा.

सेलच्या बाबतीत मात्र मी चेष्टा सहन करत नाही. लेबलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० दिसला तर तो हातातही घेऊ नका. नावाजलेल्या कारखान्यांचे चांगले सेल साधारण २५०० ते ३५०० चे असतात. वजन करून बघा, खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट पुष्कळदा बराच हलका निघतो. सेलचं संपूर्ण बाहेरचं डबडं ऋण असतं, अगदी वरच्या कडेपर्यंत. धन टोक आणि ती ऋण कड यांच्यामध्ये एक पातळ कडं आणि वरचं प्लॅस्टिकचं आवरण, इतकाच आडोसा. तिथे आवरण फाटलेला सेल टॉर्चमध्ये घालू नका, आधी नवं आवरण चढवा. फुगलेला, पोचा पडलेला किंवा बराच काळ रिकामा पडून राहिलेला सेल चार्ज करून बघायची हौस करू नये. चार्जर ४.२ व्होल्टला स्वतः थांबणारा हवा आणि चार्जिंग डोळ्यांसमोर व्हावं.

एक मोह आधीच मोडतो. ट्रिपल-एच्याच आकाराचे १०४४० नावाचे लिथियम सेल मिळतात. पिंजऱ्यात असे तीन घातले तर एकावर एक मिळून १२.६ व्होल्ट होतात. एलईडी एकदाच निळसर चमकून विझतो. हा प्रयोग करायची गरज नाही, माझा करून झाला आहे.

इथपर्यंत आलात की मीटर काढा. १० अँपिअरच्या रेंजवर लावून, झाकणाच्या जागी मीटरची टोकं धरा: एक सेलच्या बुडावर, दुसरं नळीच्या कडेवर. हा तुमचा करंट. मीटरच्या लांब बारीक वायरींचा स्वतःचा रोध असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो. जाड आणि आखूड वायरी बनवून घेतल्या तर जवळचा येतो. आणि मोजून झालं की लाल पिन १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात परत घाला, चहाला उठण्यापूर्वी. मी एकदा तसाच उठलो, परत येऊन 'सेलचं व्होल्टेज बघू' म्हणून टोकं लावली. करंटच्या भोकात पिन असताना मीटर म्हणजे निव्वळ वायर. ठिणगी उडाली, टोकाला खळगा पडला, सेल मी बाहेर फरशीवर नेऊन ठेवला आणि तासभर त्याच्याकडे बघत बसलो.

उजेडही मोजून ठेवा. खोली पूर्ण अंधारी, टॉर्च टेबलावर उभा, तोंड छताकडे, शेजारी फोन आणि त्यात लक्स (उजेडाचं एकक) मोजायचं कुठलंही ॲप. आकडा खरा लक्स आहे की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तीच खोली, तीच जागा आणि तोच फोन असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा तुलनेला चालतो. लावल्याबरोबर एक आकडा, अर्ध्या मिनिटाने दुसरा, पाच मिनिटांनी तिसरा, असे तीन वहीत लिहा. डोळ्यांवर विसंबू नका. डोळा फार उदार आहे: उजेड दुप्पट केला तरी त्याला 'थोडा वाढला' इतकंच वाटतं, दुप्पट भासायला जवळजवळ चौपट लागतो. नवा एलईडी लावून दीडपट उजेड मिळवलेला माणूस जी खुशी सांगतो ती बरीचशी केलेल्या कष्टांची असते.

पहिला आकडा चांगला आणि तिसरा पडलेला, पण सेलचं व्होल्टेज मात्र टिकून, असं दिसलं तर दुसरी वाट तुंबली आहे, उष्णतेची. एलईडी गार असतो अशी समजूत आहे. त्याच्या झोतात उष्णता फारशी नसते इतकंच खरं. दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त भाग पाठीमागून उष्णता होऊन बाहेर पडतो. १.४ अँपिअरला साडेचार वॉटच्या आसपास वीज खर्च होते आणि ती नखाएवढ्या चिपमधून जाते. चिप तापली की उजेड घटतो, फार तापली की आयुष्य घटतं.

डोकं उघडून पिल बाहेर काढा. चिकटवलेलं असेल तर डोकं पाच मिनिटं गरम पाण्यात धरा किंवा केस वाळवायच्या यंत्राने तापवा, मग दोन्ही हातांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे धरून पिळा. पक्कड लावली की ओरखडे ठरलेले. एलईडीचा बोर्ड उचलून त्याखाली बघा. स्वस्त टॉर्चमध्ये तीनपैकी एक दृश्य दिसतं: काहीच लावलेलं नाही, पांढऱ्या वाळक्या थर्मल (उष्णता वाहून नेणाऱ्या) पेस्टचा एक ठिपका कोपऱ्यात आहे, किंवा पिल आतून पोकळ आहे आणि बोर्ड फक्त काठावर टेकला आहे. तिसरं सगळ्यात वाईट आणि झूमच्या, म्हणजे डोकं सरकणाऱ्या, टॉर्चमध्ये सगळ्यात नेहमीचं.

पहिल्या दोन्हींवर इलाज सोपा. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून पिलचा माथा त्यावर गोल गोल घासा, आधी ४०० नंबर, मग ८००. घासण्यापूर्वी माथ्यावर पेनने रेघोट्या मारा. मधल्या रेघोट्या शिल्लक राहिल्या तर मध्ये खड्डा आहे, त्या जाईपर्यंत घासा. बोर्डाची पाठही तशीच. मग थर्मल पेस्टचा इतका पातळ थर द्या की खालचा धातू पुसट दिसावा. पेस्ट भरपूर थापणारे पुष्कळ आहेत, त्यांना एक हिशेब सांगतो. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमची मिश्रधातूप्रमाणे १५० ते २३०, पेस्टची बहुधा एक आकडी, आणि हवेची ०.०२६. पेस्टचं काम फक्त बारीक खाचांतली हवा हुसकावणं. धातूला धातू टेकत असताना मध्ये पेस्टची गादी घातलीत तर वाट अडवलीत.

पोकळ पिल असेल तर माथ्याच्या मापाची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची चकती कापून काठाच्या आत घट्ट बसवा. पिल पितळी असेल तर चकती तिला सोल्डर करता येते, त्यासाठी मोठ्या टोकाचं निदान ६० वॉटचं आयर्न हवं. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, तिथे घट्ट बसणारी चकती आणि थर्मल एपॉक्सी (उष्णता वाहू देणारा डिंक). चकतीच्या वायरींसाठीच्या भोकांच्या कडा गोल घासा, धारदार कडेने आवरण कापलं की तिथेच शॉर्ट. खाली ड्रायव्हरचे भाग चकतीला टेकत नाहीत ना, हे पिल उजेडासमोर धरून बघा आणि मध्ये कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज अडवणाऱ्या टेपचा) तुकडा द्या.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल. मी सहसा इथे एक आठवडा थांबतो, टॉर्च वापरतो आणि मग ठरवतो.

एलईडी बदलायचाच असेल तर झूमच्या टॉर्चचं एक वैशिष्ट्य समजून घ्या, इथे बहुतेक जण चुकतात. झोत बारीक केल्यावर भिंतीवर जो चौकोन पडतो ती एलईडीच्या चिपचीच मोठी केलेली प्रतिमा असते. त्यामुळे झोत किती दूर जाईल हे एकूण उजेडावर ठरत नाही. चिपच्या दर चौरस मिलिमीटरमधून किती उजेड निघतो आणि भिंग किती मोठं आहे यावर ते ठरतं. एक्सएम-एल२ या जातीच्या चिपची बाजू साधारण २ मिलिमीटर, एक्सपी-जी२ ची साधारण दीड. तोच करंट मोठ्या चिपला दिला तर भिंतीवरचा चौकोन मोठा होतो आणि फिकटही होतो. 'भारीतला एलईडी घातला आणि झोत आखूड झाला' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधीच विचारतो: दूर बघायचंय की जवळ?

टॉर्चच्या प्रमाणित मोजणीत झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो ते ठिकाण, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. हिशेब असा की झोताच्या तीव्रतेच्या (ती कँडेलात मोजतात) वर्गमुळाची दुप्पट म्हणजे मीटरमधलं अंतर. २,५०० कँडेलाला १०० मीटर, आणि २०० मीटरला थेट १०,००० कँडेला. अंतर दुप्पट करायचं तर तीव्रता चौपट, आणि ती करंट वाढवून मिळत नाही, आधी चिप जळते. अंतर हवं तर मोठ्या भिंगाचा टॉर्च घ्या. या टॉर्चला जवळच्या कामाचा चांगला टॉर्च करणं जास्त शहाणपणाचं.

त्यासाठी मी रंगाकडे बघेन. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर असतो, ६५०० केल्विन किंवा त्याहून वर (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळा). पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा केलेला. तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी साधला, आणि त्यांना, इसामु अकासाकींना व हिरोशी अमानोंना मिळून २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फॉस्फर कमी दिला की उजेड निळा आणि आकड्यात जास्त, नीट दिला की उबदार आणि आकड्यात थोडा कमी. ४००० ते ५००० केल्विनचा, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० च्या वर असलेला एलईडी घ्या. लाल आणि तपकिरी वायर पहिल्यांदाच वेगळ्या दिसतील. मी कामाच्या टेबलावरचे सगळे टॉर्च असे करून घेतले आहेत आणि एकूण उजेड घटल्याची मला आठवणही येत नाही.

बोर्डासकट आलेला एलईडी घ्या, १६ की २० मिलिमीटर ते आधी मोजून. बोर्ड तांब्याचा आणि एलईडीची मधली पट्टी थेट तांब्यावर टेकणारा असेल तर उत्तम. सुटा एलईडी स्वतः बसवायचा तर बोर्डावर सोल्डर पेस्ट, त्यावर एलईडी, आणि बोर्ड तव्यासारख्या सपाट तापत्या पत्र्यावर. हा पत्रा नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही. पेस्ट राखाडी असते, मग अचानक चांदीसारखी चमकते आणि त्याच क्षणी वाकडा ठेवलेला एलईडी स्वतःहून सरळ होतो. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. चिमट्याने कडेला एक हलकी टिचकी, मग उचलून गार होऊ द्या. वरच्या मऊ घुमटाला बोट लावू नका, पुष्कळ एलईडींमध्ये त्याखाली केसाहून बारीक तारा असतात.

करंट किती, हे तुम्ही विचारलं होतं. एक्सपी-जी२ साठी निर्मात्याची कमाल मर्यादा १.५ अँपिअर आहे. तुमच्या टॉर्चच्या डोक्याचं वस्तुमान बघता मी १.०५ किंवा १.४ वर थांबेन. हे आकडे असे तुटक का, तर मी वापरतो त्या ड्रायव्हरमध्ये एएमसी७१३५ नावाच्या चिप असतात आणि त्यांच्या एका प्रकारातली प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, ना जास्त ना कमी. तीन चिप म्हणजे १.०५ अँपिअर, चार म्हणजे १.४. वाढवायचा असेल तर जुन्या चिपच्या पाठीवर नवी ठेवून पायांना पाय सोल्डर करायचे. कमी करायचा असेल तर एका चिपचा आउटपुटचा पाय उचलायचा. सेल भरलेला असो वा अर्धा, उजेड जवळजवळ तोच राहतो. जास्तीचं व्होल्टेज चिप स्वतः उष्णता करून पचवते, म्हणून तिला ४.२ किंवा साडेचार व्होल्ट चालतात, त्याच्या फार वर नेऊ नका.

लुकलुक आणि एसओएस (मदतीचा इशारा) या जास्तीच्या मोडची कटकट नको असेल तर अशा काही ड्रायव्हरवर कडेला चांदणीसारखे छोटे पॅड असतात. त्यातला एखादा शेजारच्या ग्राउंडच्या कड्याला सोल्डरच्या थेंबाने जोडला की मोडचा संच बदलतो. कुठल्या चांदणीने काय होतं ते ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात असतं. ड्रायव्हर घेताना व्यास मोजून घ्या, १७ मिलिमीटर हे नेहमीचं माप आहे पण तुमच्या पिलमध्ये २० चाही निघू शकतो.

सगळं जोडण्यापूर्वी एक शेवटची तपासणी: एलईडीवर बसणारी चकती धातूची असेल तर ती सोल्डरच्या गोळ्यांना टेकत नाही ना बघा, गोळे उंच असतील तर चपटे करा. आणि पहिल्यांदा लावताना डोळ्यांत बघू नका, भिंतीकडे रोखा.

मग टॉर्च पूर्ण उजेडावर लावून दहा मिनिटं हातात धरून बसा आणि लक्सचे तेच तीन आकडे पुन्हा घ्या. दोन-तीन मिनिटांत डोकं गरम लागायला लागेल, आणि लागलंच पाहिजे. लोक इथे घाबरून टॉर्च बंद करतात. गरम डोकं म्हणजे उष्णता चिपमधून बाहेर हातापर्यंत पोचते आहे. धरवेनासं झालं तर ड्रायव्हरवरची एक चिप कमी करा. पण दहा मिनिटांनीही डोकं गारच आहे आणि आकडा मात्र उतरत चालला आहे, असं दिसलं तर लगेच बंद करा, पिल पुन्हा बाहेर काढा आणि बोर्डाखाली बघा: पेस्टवर बोर्डाचा ठसा नुसत्या काठावरच उमटलेला असेल.